वऱ्हाडची कोरडी हवा

मे महिना आला की वर्तमानपत्रांत अकोल्याचे नाव ठळक अक्षरांत छापून येते. पारा कधी ४४ अंशांवर, कधी ४५ च्याही वर. २०२४ च्या मे महिन्यात तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम १४४ लावले होते. अशा वेळी पुण्या-मुंबईची मंडळी आम्हाला हमखास विचारतात, "तुम्ही लोक तिथे राहता तरी कसे?"

आम्ही दोघेही वऱ्हाडचे. एकाचे घर अमरावतीला, दुसऱ्याचे अकोल्याला. पूर्वी या प्रश्नावर आम्ही ओशाळून हसत असू. पुढे संशोधनाच्या निमित्ताने स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात तीन वर्षे काढली आणि परत आल्यावर आपल्याच गावची हवा नव्याने कळली. ती चांगली आहे, असे आता आम्ही बिनदिक्कत सांगतो. यात गावाची ओढ आहेच, पण त्याहून जास्त भौतिकशास्त्र आहे, आणि ते आठवी-नववीच्या वर्गात सहज मांडता येते. मात्र याच भौतिकशास्त्राने या चांगुलपणाची एक अटही आम्हाला दाखवली. ती अट विसरल्याची किंमत आमच्या घराला मोजावी लागणार होती, थोडक्यात निभावले. तेही शेवटी सांगू.

सूर्य किती वर येतो?

वऱ्हाडातून एडिंबऱ्याला जाणारे आम्ही काही पहिले नव्हतो. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे पंजाबराव देशमुख, जे पुढे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते, ते १९२० च्या दशकात तिथल्याच विद्यापीठात शिकले. तिथला हिवाळा कडक असतो हे आम्ही ऐकून होतो, म्हणून लोकरीचे कपडे भरपूर नेले. पण आम्हाला जाच झाला तो थंडीपेक्षा अंधाराचा.

एक साधे गणित करू या. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो? उत्तर गोलार्धात त्याचे सूत्र सोपे आहे. ९० मधून गावाचा अक्षांश वजा करा आणि आणखी २३.५ वजा करा. अकोल्याचा अक्षांश सुमारे २०.७ अंश. म्हणजे सूर्य सुमारे ४६ अंश वर. एडिंबऱ्याचा अक्षांश ५६ अंश, म्हणजे सूर्य जेमतेम साडेदहा अंश वर! हात लांब करून मूठ क्षितिजावर धरली तर एक मूठ सुमारे १० अंशांची होते. एडिंबऱ्यात डिसेंबरमधील भर दुपारचा सूर्य एका मुठीएवढाच वर असतो. समोर दुमजली घर असले की तो दिसतच नाही.

सूर्य जितका खाली, तितके त्याचे किरण तिरपे पडतात आणि तेवढाच प्रकाश जास्त जमिनीवर पसरतो. सपाट जमिनीला मिळणारी ऊर्जा या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. ४६ अंशांचा साइन ०.७२, साडेदहा अंशांचा ०.१८. म्हणजे आकाश दोन्हीकडे निरभ्र धरले तरी अकोल्याच्या अंगणात चौपट ऊन. त्यात एडिंबऱ्याचा तो दिवस ७ तासांचा, आपला जवळजवळ ११ तासांचा. शिवाय तिथे ढग. वर्षभरात तिथे सुमारे १४०० तास ऊन पडते, आपल्या विदर्भात अडीच हजार तासांहून अधिक.

तिरप्या किरणांना वातावरणातून प्रवासही लांबचा करावा लागतो. एडिंबऱ्यातील त्या दुपारी तो डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे साडेपाच पट असतो. वाटेत ओझोनचा थर अतिनील किरण शोषून घेतो. आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला ज्या अतिनील किरणांची गरज असते, ते तिथल्या हिवाळ्यात जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. म्हणून ब्रिटनचे आरोग्य खाते तिथल्या लोकांना हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला तर ऊन आणखी जास्त लागते. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाचे हातपाय दुखू लागले, दिवसभर थकवा, कशात मन लागेना. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. अंधाऱ्या हिवाळ्यात येणाऱ्या अशा उदासीनतेचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले आहे.

आम्ही परतलो ते जानेवारीत. अकोल्याच्या घरी पहिल्याच सकाळी अंगणात खाट टाकून पाठ उन्हाला देऊन बसलो. मोठी आई, म्हणजे आमच्या मोठ्या काकांची पत्नी, चहा घेऊन आली आणि हसून म्हणाली, "काहून बाप्पा, तिकडे ऊन्ह नव्हतं काय?"

नव्हते, हेच खरे उत्तर होते. (मात्र अंगणात ऊन पडते म्हणून आपल्याला ते मिळतेच असे नाही. दिवसभर घरात बसणाऱ्यांमध्ये भारतातही ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते.)

पाऊस तेवढाच, हवा निराळी

एडिंबऱ्यात वर्षाला किती पाऊस पडत असेल? वर्गात विचारून पहा. मुले मोठमोठे आकडे सांगतील. प्रत्यक्षात तो सुमारे ७०० मिलिमीटर आहे, म्हणजे अकोल्यापेक्षा थोडा कमीच! फरक वाटणीचा आहे. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, तिथला बाराही महिने पिरपिरत राहतो.

हिवाळ्यात धुतलेले कपडे तिथे तीन-तीन दिवस ओले राहत. भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी येई. आणि अकोल्यात? मे महिन्यात धुतलेले धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. कारण आपली हवा कोरडी. पण 'कोरडी' म्हणजे नेमके काय, हे जरा तपासून पाहू.

एडिंबऱ्याची जानेवारीतील हवा समजा ४ अंश तापमानाची आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ५.४ ग्रॅम बाष्प असते. अकोल्याची मे महिन्यातील दुपारची हवा समजा ४२ अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची आहे. तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ११ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे आपल्या 'कोरड्या' हवेत तिथल्या 'ओल्या' हवेच्या दुप्पट पाणी!

मग कोडे कसे सुटते? हवेत किती बाष्प आहे यापेक्षा आणखी किती मावू शकते, यावर कपडे वाळणे अवलंबून असते. ४ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त ६.४ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे जागा उरली १ ग्रॅमची. ४२ अंशांच्या हवेत ५६ ग्रॅम मावते. जागा उरली ४५ ग्रॅमची. आपली दुपारची हवा तहानलेली असते ती अशी. दिसेल तिथून ती पाणी ओढून घेते. दोरीवरच्या धोतरातून, माठातून आणि आपल्या अंगातूनही.

माठ, घाम आणि कूलर

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. यालाच आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ६० किलोकॅलरी पुरतात. यावरून घामाचे सामर्थ्य लक्षात यावे. हवा ४२ अंशांची आणि त्वचा ३५ अंशांची असते, तेव्हा हवा आपल्याला थंड करत नाही, उलट तापवते. त्या वेळी वाळणारा घाम हाच शरीराचा एकमेव आधार असतो.

बाष्पीभवनाने एखादी वस्तू किती थंड होऊ शकते? तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला तर पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. या तापमानाला आपण 'ओले तापमान' म्हणू. अकोल्याच्या वरच्या उदाहरणात, म्हणजे ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, ते सुमारे २३ अंश येते. आता मुंबईची मे महिन्यातील दुपार घेऊ. तापमान ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. तिथे ओले तापमान येते सुमारे २८ अंश. साधा तापमापक म्हणतो की अकोला ८ अंशांनी जास्त तापलेले आहे. ओला तापमापक म्हणतो की मुंबई ५ अंशांनी जास्त!

याच कारणाने वऱ्हाडात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून जाणारी हवा साधे आणि ओले तापमान यांतले सुमारे ८० टक्के अंतर कापते असे धरू. अकोल्यात हे अंतर १९ अंशांचे, म्हणून ४२ अंशांची हवा २७ अंशांची होऊन खोलीत येते. मुंबईत अंतर ६ अंशांचे, म्हणून ३४ ची हवा फार तर २९ ची होईल, आणि तीही घामट. आपल्या आजोबांच्या काळी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. तत्त्व तेच. फक्त पंखा नव्हता.

सृष्टीही हाच प्रयोग दरवर्षी करून दाखवते. अकोल्यात २४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा बरोबर तिथेच येतो. पण मे महिन्यात पारा ४२ वर, आणि जुलैत ३२ च्या आसपास. जुलैत ढग काही ऊन अडवतात आणि उरलेल्या उन्हाचा मोठा भाग ओल्या काळ्या मातीतले पाणी वाळवण्यात खर्च होतो. मे महिन्यात जमीन कोरडी असल्यामुळे तीच ऊर्जा हवा तापवते.

रात्रीचा गारवा

कोरड्या हवेची दुसरी देणगी रात्री मिळते. जमीन दिवसभर तापते आणि अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सतत बाहेर टाकत असते. हवेतील बाष्प आणि ढग या किरणांचा काही भाग शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतात, जणू गोधडीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वऱ्हाडचे आकाश निरभ्र असते आणि हवेत बाष्प कमी असते. गोधडी पातळ होते आणि रात्री गार पडतात. जानेवारीत दुपारी ३० अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे १३-१४ वर येतो. मे महिन्यातही दुपारचे ४२ अंश पहाटे २७-२८ पर्यंत उतरतात.

वरूड-मोर्शीच्या संत्र्यालाही हा गारवा मानवतो. रात्री गार असल्या की सालीतील हरितद्रव्य लवकर नाहीसे होते आणि नारिंगी रंग चढतो. जिथे रात्रीही उबदार असतात, तिथे संत्रे आतून पिकले तरी साल हिरवी राहू शकते.

जुन्या वऱ्हाडी घरांनी या फरकाचा चांगला उपयोग करून घेतला होता. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे. दुपारची उष्णता भिंतीतून आत झिरपायला संध्याकाळ उजाडे. तोवर घरातली माणसे खाटा घेऊन अंगणात आलेली असत.

मोठ्या आईचा प्रश्न

आता ती अट. आमचे अकोल्याचे धाब्याचे घर पाडून काही वर्षांपूर्वी स्लॅबचे घर बांधले. अंगण गेले, त्या जागी मोटारीसाठी फरशी आली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका रात्री बराच वेळ वीज गेली. मोठी आई वरच्या खोलीत झोपली होती. कूलर बंद, चोरांच्या भीतीने खिडक्याही बंद. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता देत राहिला. सकाळी ती उठेना, बोलणे अडखळत होते. लगेच दवाखान्यात नेले, सलाइन लावले, म्हणून वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने विचारले, "मले तर घामही नाही आला, मंग ऊन्ह लागलं कसं?"

आमच्या दोन डॉक्टरेटना त्या क्षणी चटकन उत्तर देता आले नाही. उत्तर या लेखात आधीच येऊन गेले आहे. तहानलेली हवा घाम येताक्षणीच पिऊन टाकते. मुंबईत घाम कपड्यांवर दिसतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथे तो दिसत नाही, पण शरीरातले पाणी जातच असते. म्हातारपणी तहानेची जाणीवही मंदावते. पाणी संपत आले की घाम कमी होतो आणि शरीराचा एकमेव आधार सुटतो.

म्हणजे कोरड्या हवेची कृपा सशर्त आहे. शरीरात पाणी हवे, डोक्यावर सावली हवी आणि रात्री गारवा हवा. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. दमट उष्णतेत शरीराची सहनशक्ती ओल्या तापमानाच्या ३०-३१ अंशांना संपत होती. पण अतिशय उष्ण आणि कोरड्या हवेत ती २५ ते २८ अंशांनाच संपली. कारण हवा कितीही घाम वाळवायला तयार असली, तरी शरीर एका तासात ठरावीकच घाम देऊ शकते. निंदण-वखरण करणाऱ्या मजुराने भर दुपारी 'आपली हवा कोरडी आहे' म्हणून निर्धास्त राहू नये ते यासाठी.

आणि ही कृपाही आता कमी होते आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. समजा, ४२ अंशांच्याच दुपारी आर्द्रता २० ऐवजी ४० टक्के झाली, तर ओले तापमान २३ वरून २९ वर जाते आणि कूलरमधून २७ ऐवजी ३२ अंशांची हवा येते. साध्या तापमापकाला यातले काही कळणारही नाही. शहरांत सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब रात्रीचा गारवा खातात. हवामान खात्याला तर दिवसाचे तापमान ४० अंशांवर असताना रात्रीचे सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक राहिले, तर 'उष्ण रात्र' अशी वेगळी नोंद करावी लागते.

करून पहा

प्रयोगशाळेतले दोन सारखे तापमापक घ्या (ताप मोजायचा नको). एकाच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत टांगा, पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला आणि वाचन घ्या. सकाळची शाळा भरताना, सुटताना आणि शक्य असल्यास रात्री नऊला एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी. मार्च-एप्रिलभर दोन्ही आकडे फलकावर लिहा. जूनअखेर शाळा उघडल्यावर पुन्हा सुरू करा. पावसाळ्यात दोन्ही तापमापक जवळ येत जातील आणि कूलर का थांबला हे मुले स्वतःच सांगतील. शाळेच्या स्लॅबखालच्या खोलीत आणि कडुलिंबाच्या सावलीतही असेच वाचन घ्या.

या नोंदींतून घरी सांगण्यासारख्या गोष्टीही निघतील. कूलर लावलेल्या खोलीची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर आतले बाष्प वाढून कूलर निकामी होतो. पारा ४० च्या वर असताना नुसता पंखा तापलेली हवाच अंगावर मारतो, तेव्हा अंग आणि कपडे ओले ठेवावेत. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला तर तो कमी तापतो. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घ्यावे. आणि बोलणे अडखळले, भान हरपले, तर अंग ओले करून तातडीने दवाखाना गाठावा.

मोठी आई आता खालच्या खोलीत झोपते. तिच्या खाटेशेजारी माठ असतो आणि भिंतीवर आम्ही टांगलेले दोन तापमापक. तिला आकडे वाचता येतात. उन्हाळ्यात रोज रात्री ती आम्हाला अमरावतीला फोन करून दोन्ही आकडे सांगते आणि आम्ही ते वहीत लिहून ठेवतो. दोन आकड्यांत अंतर भरपूर असले की ती स्वतःच म्हणते, "आज काही चिंता नाही, कूलर चालते."